खळीतला तीळ

मंगळवार, ४ मार्च. हवा ढगाळ. सकाळी भावजयीने आरशासाठी खिळा ठोकला. दुपारी भावाचे दुकान कायमचे बंद झाले. चहा उकळायच्या आत उघडले.

ताईंची रोजनिशी अशीच आटोपशीर. पण खरी गंमत कळायला त्यांचा भाऊ ठाऊक हवा.

हा भाऊ चांदीवर खळ्या पाडायचा. गुळगुळीत बांगडी त्याला मुकी वाटे. छोट्या हातोडीचे एकसारखे टोले घालून तो तिच्या अंगभर खळ्या उठवी, की उजेडात बांगडी हसायलाच लागे. त्यासाठी हातोडीचं तोंड गोलसर आणि आरशासारखं लखलखीत लागतं. त्यावर जरा खोक पडली की ती प्रत्येक टोल्याला चांदीवर उतरते. म्हणून तो हातोडी चामड्याने पुसत बसे आणि बायको म्हणे, "माझ्या तोंडाकडे कधी इतकं बघितलंत का?"

गणिताच्या बाईंना त्याने ऐटीत सांगून ठेवलं होतं, "माझ्या कामात चूक दाखवा, दुकान बंद करतो!"

त्यांच्या जोडीतली एक बांगडी काल झाली होती. दुसरी आज त्याने चष्मा कपाळावर सारून, निव्वळ हाताच्या भरवशावर ठोकली. बाई आल्या. दोन्ही खिडकीशी धरून म्हणाल्या, "हिला नुसत्या खळ्या. हिच्या प्रत्येक खळीत तीळ."

त्याने चष्मा डोळ्यांवर आणला. आधी बांगडी पाहिली, मग हातोडी. तोंडावर खिळ्याच्या डोक्याची खोक! आत भांड्यांचा आवाज एकदम थांबला. 'नवी नक्षी आहे' हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले होते.

"चुकलंच, बाई," तो म्हणाला, उठला आणि खरोखरच शटर ओढलं.

"अहो, हे काय?" बायको धावत आली.

"शब्द दिला होता."

"खिळा मी ठोकला. मग मी स्वयंपाकघर बंद करू?"

बाई हसल्या नाहीत. "दुकान खुशाल बंद करा. आधी माझी बांगडी पुरी करा."

"आणि शटर वर घे रे," ताई आतून ओरडल्या, "काही दिसत नाही!"

शटर वर गेलं. त्याने तीळ घासून काढले. बायको पॉलिश पेपरवर हातोडी घासत बसली.

"दाबू नकोस गं, गोलाई जाईल."

"तुम्ही चष्मा खाली घ्या आधी."

पुन्हा टोले पडले आणि दिवे लागायच्या आत दोन्ही बांगड्या सारख्याच हसल्या. बाईंनी त्या पुन्हा खिडकीशी धरल्या आणि हातात घातल्या. बाईंकडून पैकीच्या पैकी गुण मिळाले ते एवढेच.

ताईंनी लिहिलं: खिळ्यांसाठी वेगळी हातोडी आणली. जिन्याखालच्या खोक्यात ठेवली आहे.