पदराखालचा हात

सिद्रामप्पा गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने केला, तेव्हा मी जुळे सोलापुरातल्या आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "बाबा सकाळी गेले, मावशी," एवढंच ती म्हणाली. त्याला आता महिना होऊन गेला.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघं सोलापुरातल्या एका कापडगिरणीत होतो. ते गेटवरचे जमादार, मी टाइम ऑफिसातली टायपिस्ट. अक्कलकोटकडचा माणूस, घरी कन्नड, आमच्याशी मराठी, आणि दोन्हींत बोलणं मोजकंच. सकाळचा भोंगा झाला की डबे सांभाळत, एकमेकींना तेलुगूत हाका मारत बायका आत शिरायच्या. कुणी शेंगाचटणीची पुडी पुढे केली, तर जमादार म्हणायचे, "गेटवर न्हाय, घरी येऊन खाईन." आणि खरंच सणाला जायचे.

एका वर्षी गिरणीत कोऱ्या कापडाच्या पट्ट्या गायब व्हायला लागल्या. चांगली थानं फाडून कुणीतरी नेत होतं. एका संध्याकाळी झडतीत, सूत गुंडाळायच्या खात्यातल्या काशीबाईंच्या पदराखाली, हाताला गुंडाळलेली पट्टी सापडली. माल लपवायची ही नवी तऱ्हा, असंच सगळ्यांना वाटलं. त्यांनी खाली मान घालून हात पुन्हा पदराखाली घेतला. जमादारांनी चोरीचा रिपोर्ट दिला, कामावरून काढल्याचं पत्र मी टाइप केलं. पट्ट्या मात्र जातच राहिल्या.

दोनेक महिन्यांनी तशीच पट्टी त्याच खात्यातल्या नरसव्वाकडे सापडली. झडती घेणाऱ्या बाई ती ओढायला गेल्या आणि नरसव्वा कळवळली. जमादारांनी त्यांना थांबवलं, पट्टी हलकेच सोडायला सांगितली. आत दोन बोटं सोलून निघालेली होती... मी टाइम ऑफिसच्या खिडकीतून पाहत होते. जमादारांचा चेहरा इतका उतरलेला मी कधीच पाहिला नव्हता.

मॅनेजरसाहेबांनी रिपोर्ट मागितला. जमादार माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, आज चोरी लिहू नका, जे दिसलं ते लिहा. रिपोर्ट वाचून साहेब भडकले. तुम्ही गेट सांभाळा, खात्यात नाक खुपसू नका, नाहीतर तुमचंही पत्र निघेल, असं त्यांनी बजावलं. घरी तीन लेकरं असलेला तो माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, कापड हितं सापडलं. पन ते कशापायी गेलं, ते आत जाऊन बघाया पायजे की."

शेवटी साहेब आत गेले. दुरुस्तीच्या वेळी यंत्रांच्या दातेरी चाकांवरची जाळी काढली होती, ती परत कुणी बसवलीच नव्हती. अडकलेलं सूत बायका चालत्या यंत्रातून ओढायच्या. चाकात बोट सापडलं की दवाखान्यात जायचं म्हणजे त्या पाळीची मजुरी बुडायची, म्हणून हाताला येईल ते कापड फाडून बांधायच्या. रक्ताने भरलेलं सूत कुणाला दिसू नये म्हणून कचऱ्यात कोंबायच्या. कापड, सूत, बोटं... सगळं एकाच उघड्या चाकापायी जात होतं. जाळ्या बसल्या, खात्यात मलमपट्टीची पेटी आली, आणि पट्ट्या जायच्या थांबल्या. नरसव्वा कामावर राहिली.

त्यानंतरच्या सुट्टीत जमादार एसटीने नातेपुत्याला गेले. काशीबाई तिथे माहेरी राहत होत्या. जमादार परत आल्यावर त्यांना विचारायचा धीर मला झाला नाही. पत्र मीच तर टाइप केलं होतं. कितीतरी वर्षांनी, दोघंही निवृत्त झाल्यावर, ते आपणहून बोलले. काशीबाईंचं एक बोट कायमचं वाकडं झालं होतं, सुताचं काम आता होण्यासारखं नव्हतं. त्यांनी जमादारांना बसवून भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "जमादार, त्या दिवशी तुमी नुसता हात बघितला असता की..." जमादारांनी ती भाकरी खाल्ली. एवढी जड भाकरी पुन्हा कधी खाल्ली नाही, म्हणाले.

परवा मी त्यांच्या घरी गेले. मुलगी सांगत होती, दारात भाजीवाली येवो की गवंडी, बाबा आधी म्हणायचे, हात दाखवा. लोक हसायचे, पण दाखवायचे. बोलता बोलता तिने चहाचा कप पुढे केला. मनगटावर ताजा भाजल्याचा डाग होता, तो ती पदराने झाकू पाहत होती.

कप खाली ठेवून मी म्हटलं, "बघू, हात दाखव."