पाणी निजलेलं असताना

तिला सगळे थांबाताई म्हणत. गच्चीवर चढून नटाला पाना लावला की तिच्या तोंडून पहिला शब्द निघे तो हाच, "थांबा जरा." वायरलेसने दूरदूरच्या इमारती एकमेकींना जोडायचं काम ती वीस वर्षं करत होती. एवढ्या वर्षांत तिने घाईत आवळलेला एकही नट कुणाला दाखवता आला नसता.

हॉस्पिटलचं काम तिच्याकडे आलं ते केबलच्या रडगाण्यामुळे. मुख्य इमारत तलावाच्या अलीकडे, छातीच्या रोग्यांचा वॉर्ड पलीकडे. केबल रस्त्याच्या कडेने गेलेली आणि तो रस्ता दर दोन महिन्यांनी कुणी ना कुणी खणायचं. मग एक्सरेची पाकिटं घेऊन शिपाई सायकलवरून तलावाला वळसा घाली. थांबाताईने सुचवलं की तारच नको. दोन्ही गच्च्यांवर जेवणाच्या ताटाएवढी एकेक पांढरी डिश बसवायची, एकमेकींकडे तोंड करून. इकडचे कॉम्प्युटर तिकडच्यांशी हवेतूनच बोलतील. धंद्यात याला ब्रिज म्हणतात.

तिचे वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते. उभा जन्म खांबावर गेलेला. आता मोतीबिंदूमुळे घरात बसून असत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पूल म्हणतेस, आणि खाली खांब एकही नाही?"

डिश लावायच्या दिवशी ती अलीकडच्या गच्चीवर होती. पलीकडे वॉर्डच्या मोठ्या सिस्टर लॅपटॉपसमोर बसून फोनवर आकडा वाचत होत्या. आकडा जितका लहान, तितका सिग्नल चांगला. थांबाताई डिश केसभर फिरवी आणि सिस्टर औषधाचे थेंब मोजावेत तशा सांगत, सत्तर, सहासष्ट, एकसष्ट. अठ्ठावन्नवर तिने नट आवळला. दीड किलोमीटर पाण्यापलीकडची एक अनोळखी बाई आपल्या कानात कुजबुजते आहे, असं तिला उगीचच वाटून गेलं.

चार दिवस सगळं छान चाललं. मग तक्रार आली. सकाळी आठ ते दहा ब्रिज मरतो, म्हणजे नेमका एक्सरे पाठवायच्या वेळी. ती अकराला पोचे तेव्हा डिश मांजरीसारखी गरीब होऊन बसलेली असे. तिने केबलचं टोक बदललं, चॅनेल बदलला, पलीकडची डिश उतरवून पुन्हा चढवली. दोष काही सापडेना.

शेवटी ती सकाळी सातलाच निघाली. घरी वडिलांजवळ थांबायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनाही बरोबर घेतलं. हाताला धरून जिना चढवला, कठड्यापाशी स्टुलावर बसवलं. वारा अजिबात नव्हता. तलाव आणि आभाळ यांच्यातली रेघ पुसून गेली होती आणि पलीकडचा वॉर्ड एखाद्या आठवणीसारखा अधांतरी दिसत होता. तिने फोन कठड्यावर ठेवला. सिस्टर वाचू लागल्या, एकोणऐंशी, ऐंशी, त्र्याऐंशी.

"पाण्यात काहीतरी पांढरं आहे," वडील म्हणाले.

"समोरचा वॉर्ड आहे, बाबा. उलटा पडलाय."

तेवढ्यात कुठून तरी झुळूक आली. पाण्यावर काटा उभा राहिला.

"मोडला," वडील म्हणाले.

"साठ," फोनमधून सिस्टर म्हणाल्या.

झुळूक गेली. "परत आला," वडील म्हणाले. सिस्टरचा आकडा पुन्हा चढत गेला, एकोणऐंशी, त्र्याऐंशी, मग गेलाच. थांबाताई हातात पाना घेऊन तशीच उभी राहिली. वडिलांनी मान वळवली.

"पाणी निजलं की तुझं बंद पडतं, पोरी."

तिला सगळं लख्ख कळलं. डिशमधून निघालेली लहर सरळ पलीकडे जात होती, आणि तिचीच एक बहीण पाण्यावर आदळून थोडी मागून पोचत होती. पाणी निवांत असलं की ते आरसा होई आणि मागून येणारी पुढचीला पुसून टाकी. दहानंतर वारा सुटे, पाणी हले, आरसा फुटे.

उपाय साधा होता. तिने डिशचा खांब कठड्यापासून पंधरा फूट मागे घेतला आणि बुटका केला. डिशच्या जागी डोळा ठेवून पाहिलं. पलीकडची गच्ची दिसत होती, पाणी मात्र कठड्याआड गेलं होतं. पलीकडेही तिने तसंच केलं.

दुसऱ्या दिवशीही तलाव काचेसारखा होता. वडील पुन्हा आले. या वेळी त्यांनीच हट्ट धरला. साडेआठला सिस्टरचा फोन आला. पहिला एक्सरे उघडला होता, डॉक्टर बघत होते. नऊपर्यंत सहा झाले. आकडा एकोणसाठच्या वर गेला नाही.

वडिलांनी विचारलं, "आत्ता जातंय ते कुठून?"

तिने त्यांना डिशच्या जरा बाजूला उभं केलं आणि हाताने दिशा दाखवली. त्यांनी आपला राठ पंजा उघडून हवेत धरला. या हाताने त्यांनी आयुष्यभर तारा चाचपल्या होत्या.

"काही लागत नाही," ते म्हणाले.

"लागायचं नाही, बाबा."

तरी त्यांनी हात खाली घेतला नाही. ती जवळच पाण्याच्या टाकीला टेकून बसली. खाली कुणीतरी एक्सरेच्या खोलीत पुढच्या माणसाला हाक मारत होतं.