जमिनीतलं मीठ

भोरच्या रघुवीर सरांनी आम्हाला इंग्रजी शिकवलं, पण त्यांचा जीव अडकलेला एकाच गोष्टीत. ख्रिस्ती धर्मग्रंथ इंग्रजीत उतरला आणि त्यातले शब्द साहेबाच्या तोंडी कायमचे बसले, चर्चची पायरी न चढणाराही ते बोलतो, हे सर वर्गात सांगत, बारशाला सांगत, एसटीत शेजारच्यालाही सांगत. तो बिचारा तिकीट पुढचं असलं तरी नसरापूरलाच उतरून जायचा.

भोंगवलीचे गेनूदादा माझे शेजारी. त्यांच्या शेफालीला बघायला वेल्ह्याहून गोरखराव मुलाला घेऊन आले, तेव्हा चार चांगले शब्द बोलायला म्हणून दादांनी सरांना बोलावलं. मी नको म्हटलं होतं, पण माझं ऐकतंय कोण. मुलगा शेफालीला मनापासून आवडला होता. दादा आपल्या उसाचं कौतुक सांगून थांबले आणि सर उठले.

“गेनूदादा म्हणजे सॉल्ट ऑफ द अर्थ. जमिनीतलं मीठ.”

गोरखरावांचा चेहरा उतरला. “म्हंजी रान चोपण हाय व्हय? मिठाच्या रानात ऊस कुठनं येतो?”

“कोन म्हनतं चोपण?” दादा लाल झाले. “सर, तुमी माज्या रानात कदी पाय तरी ठेवलाय का?”

सर समजावू लागले. येशू हे साध्यासुध्या माणसांना म्हणाला, ते इंग्रजीत आलं, आणि तेव्हापासून भल्या माणसाला सगळे तसंच म्हणतात.

“भाषांतर करनाऱ्याला शेती नसंल,” म्हणत गोरखरावांनी टोपी उचलली. आत शेफाली रडकुंडीला आली. मला सरांचा असा राग आला, की विचारू नका.

“जेवल्याबिगर जायाचं न्हाई,” म्हणून दादांच्या बायकोनं, सगुणाबाईंनी, ताटं वाढली. सगळे जेवायला बसले. पहिल्याच घासाला गोरखराव थांबले.

“वहिनी, आमटीत मीठ न्हाई.”

गोंधळात सगुणाबाई विसरल्या होत्या. सर हळूच म्हणाले, “मला हेच म्हणायचं होतं. गेनूदादा नसले तर गावाचं असं होईल.”

गोरखरावांनी चिमूटभर मीठ घालून आमटी ओरपली. “मंग आमटीतलं म्हना की. जमिनीत कशाला घालताय?”

बोलणी तिथंच पुढं सरकली.

लग्नात गोरखरावांनी भावकीला सरांची ओळख करून दिली. “हे रघुवीर सर. आमटीतलं मीठ.” आपल्या देखत एक शब्द वेल्ह्याच्या तोंडी बसलेला बघून सरांचे डोळे भरले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

सर माईककडे निघाले, तसा गेनूदादांनी त्यांचा हात धरला.

“बसा सर. कवा कवा जास्त पडतंय.”