हिसका

मुलांनो, तुमच्या नव्या गाडीत गिअर आपोआप पडतात, असं परवा तुम्ही फोनवर कौतुकाने सांगितलंत, म्हणून हे लिहिते. १९६० सालच्या आसपास तुमच्या आजोबांनी अमरावतीत तशीच एक जुनी अमेरिकन गाडी घेतली होती. गिअर पडताना ती असा हिसका देई की माझ्या सासूबाईंच्या दुखऱ्या कंबरेतून कळ निघे. त्यांना जत्रेसाठी माहेरी, कौंडण्यपूरला जायचं होतं.

अकोल्याहून एक धिप्पाड मिस्त्री आला. त्याने सासूबाईंनाच मागे बसवलं.

"मले कावून? मले का समजते त्यातलं?"

"माय, मी पहेलवान माणूस, मले हिसका लागतच नाई. ज्याची कमर दुखते त्यालेच समजते."

गिअर पडताना इंजिनचा जोर कमी व्हावा म्हणून तो एक सळई पान्याने किंचित फिरवी, फेरी मारी आणि मान वळवून विचारी, "आता?"

"मेली व माय!"

तो हसून पुन्हा उतरे. शेवटच्या फेरीत उत्तरच आलं नाही. सासूबाईंना डुलकी लागली होती.

"झालं काम," तो आमच्याजवळ येऊन कुजबुजला. "उठवू नका. अशाच घेऊन जा माहेराले."

जत्रेहून सासूबाईंनी गाडीत घालून पाटा-वरवंटा आणला. चटणी मी अजून त्यावरच वाटते.