काटकुळा फॉन्ट

खालापुरात तहसील कचेरीजवळ माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. माझ्या संगणकात एक फॉन्ट आहे, हाताने लिहिल्यासारखा आणि अगदी काटकुळा. दिसायला मला तो कधीच आवडला नाही. पण आमच्याकडे पत्रिकेत एखाद्या चुलत्याचं नाव राहिलं, तर तो मांडवात पाय ठेवत नाही. गिऱ्हाईक घाबरून विचारतं, "सगळी भावकी मावंल ना, शेट?" मी तोच फॉन्ट लावतो आणि सांगतो, "यात कुणालाही जागा होते."

यंदा माझ्याच मुलीची पत्रिका करायला घेतली. तिला फक्त नवरा-नवरीची नावं हवी होती, मोठ्या जाड अक्षरांत. मी कसला ऐकतोय! खाली काटकुळ्या अक्षरांत अख्खी भावकी बसवली.

तिने पडद्यावर सगळी नावं वाचली. "पप्पा, धाकट्या काकांचं नाव नाही."

बांधावरून भांडण झाल्यापासून मी आणि माझा भाऊ बोलत नाही.

"जागा नाही," मी म्हणालो.

तिने पडद्यावर त्या फॉन्टच्या नावावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली.