नानांनी पुसलेली काच

धुळ्याच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली, माझी बॅग वर चढली, आणि नाना माझ्या हातातली आईची तसबीर घेऊन तिच्या मागचे खिळे उपटत बसले. पक्कड त्यांनी खिशातून आणली होती, म्हणजे घरून निघतानाच त्यांनी हे ठरवलं असणार. काच काढून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळली, छातीशी धरली आणि उघडी फ्रेम मला परत दिली.

"वाटमा फुटी जाई. तठे गयी म्हंजे नवी टाकी ले. तठे बी काच भेटीच."

जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलीला माझ्या वडलांनी एवढंच सांगितलं. गाडी हलली तेव्हा त्यांना हातही हलवता आला नाही. दोन्ही हात काचेत गुंतलेले होते.

नानांचं फ्रेमचं दुकान होतं. बुद्धाच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, कुणाचं पदवीचं सर्टिफिकेट. आई मी नववीत असताना गेली. त्यानंतर घरात आम्ही दोघंच. कॉलेजात मी प्रमाण मराठी बोलायची, पण घरी पाय ठेवला की अहिराणी. नानांशी दुसऱ्या भाषेत कधी बोललेच नव्हते.

तिकडे मला जे काम मिळालं तेही काचेचंच होतं. दिव्याभोवती फिरणाऱ्या पतंगाच्या डोळ्यावर उजेड पडला तरी तो चमकत नाही, कारण त्यावर नजरेला न दिसणारे बारीक उंचवटे असतात. तसे उंचवटे काचेवर उठवायचे, म्हणजे हवा कुठे संपली आणि काच कुठे सुरू झाली हे प्रकाशाला कळत नाही, आणि तो परत फिरत नाही. वरून मेणासारखा एक पातळ थर दिला की पाणीही ठरत नाही. त्यासाठी लेझरचे दोन झोत एका जागी मिळवून काचेवरच्या लेपात नक्षी उमटवायची. तेवढा वेळ कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. रस्त्यावरून ट्रक गेला तरी नक्षी विस्कटायची. म्हणून मी रविवार निवडला. लेपाला पांढरा उजेड चालत नाही, म्हणून पिवळा दिवा लावलेल्या खोलीत स्टुलावर बसून राहायची. पहिल्या वर्षी असे कितीतरी रविवार गेले, की सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. सुरुवातीला नियम म्हणून गप्प होते. नंतर लक्षात आलं, नियम नसता तरी बोलायला कुणी नव्हतं.

फोनही रविवारचाच. नाना गल्लीच्या टोकाला एसटीडीवाल्याकडे येऊन बसायचे. नक्षी बिघडली की मी पुन्हा लावायची आणि फोनला उशीर व्हायचा. कधी तासभर, कधी जास्त. त्यांनी एकदाही विचारलं नाही, की एवढा वेळ का. "जेवनी का? थंडी शे का?" एवढंच. मी 'हो' म्हणायची आणि पैसे संपायचे.

चार वर्षांनी पहिल्यांदा घरी आले तेव्हा तळहाताएवढा एक तुकडा आणला होता. माझ्या हातून नीट जमलेला पहिलाच. नानांनी तो सवयीने कडांनी धरला, दाराकडे केला, स्वतःकडे केला.

"आठे काच शे का नही?"

चाळीस वर्षं काच कापलेल्या माणसाला काच दिसत नव्हती. मी बोट बुडवून पाण्याचा एक थेंब सोडला. तो मोत्यासारखा घरंगळत खाली पडला, मागे ओलही राहिली नाही. नाना लहान मुलासारखे हसले. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गल्लीने तो तुकडा पाहिला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तर ते एका गिऱ्हाइकाला तो दाखवत होते. देण्याआधी त्यांनी खांद्यावरचं फडकं घेतलं, तोंडाची वाफ सोडली आणि तुकडा गोल गोल, जोर लावून पुसला. प्रत्येक काच ते तशीच पुसत. उंचवटे तेवढ्याने मोडतात. तुकडा दुधी पडला.

"कशाला हात लावलात? तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

हे मी प्रमाण मराठीत बोलले. का, ते मला आजही सांगता येत नाही. गिऱ्हाईक उठून गेलं. नाना फडक्याकडे बघत म्हणाले, "माले वाटनं, धूळ शे."

त्यानंतर सुट्टीचे सहा दिवस उरले होते. जेवलो, बोललो, पाहुण्यांकडे गेलो. काचेचं नाव दोघांनीही काढलं नाही.

परत गेल्यावर मी तो तुकडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवला. शेतातून वारा गेल्यावर पीक लोळावं तसे उंचवटे एका वळणात आडवे झाले होते. नानांचा हात जसा फिरला होता तसे.

मग मी उंचवट्यांऐवजी खळगे कोरायला घेतले. खळगा पुसून मोडत नाही. पण चमक थोडी राहते, आणि थेंबही तितका सहज पळत नाही. प्रोफेसरांनी आकडे पाहिले.

"आधीची चांगली होती. हे कशासाठी?"

"ही पुसली तरी टिकेल."

"प्रयोगशाळेत काच पुसतं कोण?"

"बाहेर लोक पुसतात," मी म्हणाले.

त्यात तीन वर्षं गेली. नवा तुकडा घेऊन मी सरळ दुकानात गेले आणि तो नानांपुढे ठेवला. "नाना, तुम्ही पुसा ना. ह्याले काही व्हनार नही."

त्यांनी वाकून पाहिलं, मान डोलावली. पण हात पाठीमागे बांधलेले. "नको वं माय. तू पुस. मना हात जड शे."

मी खूप विनवलं. फडकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घडी करून खांद्यावर टाकलं आणि मला चहा मागवला. रागावलेले नव्हते, हेच वाईट होतं. माझ्या वस्तूला हात लावायचा नाही, एवढंच त्यांच्या मनाने घेतलं होतं. दोन वर्षांनी ते गेले. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तुमच्यातले जे गाव सोडून गेलेत त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको. मागच्या खेपेला धुळ्याच्या स्टँडवर उतरले. रिक्षावाल्याने विचारलं, "कोठे जानं शे, बाई?" मी अहिराणीत सांगितलं, तर तो वळून माझ्याकडे बघत हिंदीत म्हणाला, "नयी हो क्या इधर?" माझा हेल बदलला असणार. मग मीच त्याला रस्ता सांगत गेले. इथे डावीकडे, पिंपळापाशी आत, पुढे गटार आहे, सावकाश. एकही वळण चुकलं नाही. गल्लीत नानांच्या दुकानाच्या जागी चपलांचं दुकान होतं, घरात दुसरं बिऱ्हाड. रिक्षा थांबली. उतरून कुठे जायचं हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी तशीच बसून राहिले. त्याने थोडी वाट पाहिली आणि विचारलं, "यहीं ना?"

"हो," मी म्हणाले, "हेच."