बोरसे सर लॉगिन आहेत

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. आमच्या कॉलेजच्या मागे दालमिल आहे. उन्हाळ्यात वारा फिरला की डाळीची पिवळट भुकटी खिडकीच्या फटीतून आत येते आणि कीबोर्डवर बसते. सकाळी पुसलं तरी दुपारी पुन्हा बोट उमटतं. किस्स्यांचंही तसंच. जळगावच्या या कॉलेजात लायब्ररीच्या ई-विभागात मी इतकी वर्षं बसते आहे, की सगळे मला अक्का म्हणतात. माझं खरं नाव नव्या प्राचार्यांना पगारपत्रक बघून कळलं! घरी गेले की दिवसातलं चार ओळींत लिहून ठेवते. हसण्यासारखं म्हणून लिहिलेलं पुढच्या वर्षी वाचताना हसू येतंच असं नाही, एवढं मात्र मला कळून चुकलंय.

*

आधी बटनाची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

जर्नल्स, म्हणजे संशोधनाची मासिकं, इंटरनेटवर असतात, पण कुलूपबंद. त्यातल्या काहींची वर्गणी कॉलेज भरतं. ब्राउझरच्या कोपऱ्यात एक एक्स्टेन्शन टाकायचं आणि त्यात लायब्ररीचा आयडी-पासवर्ड द्यायचा. मग एखाद्या पेपरच्या पानावर गेलं की कोपऱ्यातलं बटन रंग बदलतं. हिरवं झालं तर दाबा, पेपर उघडला. करडं राहिलं तर आपल्या कॉलेजने ते जर्नल घेतलेलं नाही, गप्प बसा. घरून, गावाहून, कुठूनही चालतं. एक्स्टेन्शन हा शब्द कोणी वापरत नाही. सगळे ‘बटन’च म्हणतात.

केमिस्ट्रीच्या भामरे सरांच्या लॅपटॉपवर मी ते टाकून दिलं. बटन हिरवं झालं, पेपर उघडला. सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “अक्का, ही चोरी तर नाही ना?”

“नाही सर. कॉलेजने पैसे भरलेत.”

“कॉलेजने भरलेत?” सर खुर्चीतून उठलेच. “मग आधी काढून टाका ते! उद्या ऑडिटवाले विचारतील, भामरेंनी एवढं कशाला वाचलं म्हणून!”

*

बोरसे सर बरोबर उलटे. वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख. केळीच्या मर रोगावर त्यांचं आयुष्य गेलं. रावेर-यावलकडच्या बागांतून मुळं उपटून आणायचे आणि चिखलाच्या हातानेच माझ्या टेबलाशी यायचे. बटन हिरवं झालं की टेबलावर थाप मारून ओरडायचे, “उना रे भो!” आला रे, म्हणजे पेपर आला. वाचनकक्षातली मुलं दचकायची.

त्यांच्या हाताखाली रुबीना पीएच.डी. करत होती. पारोळ्याची मुलगी. वडिलांचा कूलर बनवण्याचा कारखाना, कारखाना म्हणजे पत्रा कापायची एक खोली. ती आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची आणि उरलेल्या वेळात सरांबरोबर बागा हिंडायची.

एके दिवशी सर थाप न मारता नुसतेच बसून राहिले. मी पाहिलं, तर स्क्रीनवर केळी नव्हती. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. बटन करडं.

“हे का उघडत नाही, अक्का?”

“सर, आपल्याकडे मेडिकल नाही ना. कॉलेज ती जर्नल्स घेत नाही.” मला वाटलं, कोणा नातेवाइकासाठी बघत असतील.

सर म्हणाले, “म्हणजे केळीचा रोग पूर्ण वाचता येतो. माझा फक्त सारांशापर्यंत!”

*

सरांचा एक जुना विद्यार्थी धुळ्याला डॉक्टर आहे. तो आपल्याकडून पेपर पाठवू लागला आणि मी प्रिंट काढून देऊ लागले, कारण सरांना स्क्रीनकडे फार वेळ बघवत नव्हतं. सर ते पेन्सिल घेऊन वाचायचे. विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचायचे तसेच. समासात प्रश्नचिन्हं, आकड्यांखाली रेघा.

तिसरा पेपर वाचून झाल्यावर त्यांनी माझ्यासमोरच डॉक्टरला फोन लावला.

“बाळा, पेपर वाचला. पद्धत बरोबर आहे. नमुना मोठा आहे. निष्कर्षही ताणलेला नाही. मी खूप शोधली, पण कुठे चूक सापडत नाही रे.”

सरांनी कागद जुळवून बाजूला ठेवले.

“आता पुढचा पाठवू नकोस,” सर म्हणाले आणि पेन्सिल खिशाला लावली.

*

सर गेल्यावर त्यांचं खातं बंद करायचं होतं. आमच्याकडे खातं बंद करायला एक अर्ज लागतो, आणि त्यावर संबंधित विभागप्रमुखाची सही लागते. आमचे ग्रंथपाल महाजन सर नियमाचे पक्के. स्वतःच्या मुलीकडूनही उशिराच्या पुस्तकाचा दंड घेतलेला माणूस! त्यांनी अर्ज वनस्पतिशास्त्राकडे पाठवला. अर्ज तसाच परत आला. वर शेरा होता: ‘विभागप्रमुख हयात नाहीत.’

जागा भरायला मंजुरी नाही. विभागात उरलेले दोघेही तासिका तत्त्वावर, त्यांची सही चालत नाही. महाजन सरांनी अर्ज टेबलाच्या खणात टाकला आणि मला म्हणाले, “ज्यांचं खातं, त्यांचीच सही! आणू कुठून?”

इकडे रुबीनाची नोंदणीची मुदत संपली, तर तिचं खातं त्याच दिवशी मशीनने आपोआप बंद केलं. अर्ज नाही, सही नाही, काही नाही. विद्यापीठाने तिला एकदाच मुदतवाढ दिली होती, पण मुदतवाढीत लायब्ररीचं खातं मिळत नाही. त्या मुदतीत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द. म्हणजे सगळ्या बागा, सगळी मुळं, सरांच्या हाताखाली घातलेली सगळी वर्षं पाण्यात.

वाचनकक्षात पंख्याखाली उभी राहून ती म्हणाली, “अक्का, मी जिवंत आहे हे मशीनला कोण सांगणार?”

*

तिला नवे मार्गदर्शक मिळाले धुळ्याचे. ती एसटीने जायची. दिवसभर बाकावर बसायची, कधी भेट व्हायची, कधी नाही. एकदा त्यांनी तिचा प्रबंध शेवटून उघडला. संदर्भांची पानं चाळली आणि तिच्याकडे न बघताच म्हणाले, “बाई, तुमचे सर गेले ते गेले. तुमचे संदर्भही त्यांच्याबरोबरच गेले की काय? त्यानंतर जगात केळीवर कोणी काही लिहिलंच नाही?”

नंतरचे सगळे पेपर आल्याशिवाय ते सही करणार नव्हते.

पेपर आणायचे कसे, त्याचं उत्तर तिच्याच लॅपटॉपमध्ये होतं. आजारपणात सरांनी आपला आयडी त्यात टाकून दिला होता. “माझ्याच्याने आता वाचवत नाही. तू वाच आणि मला सांगत जा,” असं म्हणून. सांगायला सर राहिले नाहीत, आयडी राहिला.

तिने माझ्या समोर बसूनच तो पहिल्यांदा उघडला. स्क्रीनवर आलं, ‘वेलकम बॅक, प्रोफेसर बोरसे’. रुबीनाने डोळे मिटले, थोडी थांबली, मग पुढे गेली. त्यानंतर दर वेळी तसंच करायची.

एकदा मी विचारलं, “दुआ मागतेस का गं?”

“नाही अक्का. सरांच्या केबिनमध्ये ‘आत येऊ का’ विचारायची सवय आहे.”

*

मधूनमधून ते बटन कोड मागतं. तो खातेदाराच्या मोबाईलवर जातो. पहिल्यांदा कोड मागितला तेव्हा रुबीनाने लॅपटॉप मिटलाच. संपलं, म्हणाली. पण सहज म्हणून सरांच्या नंबरवर फोन लावला, तर रिंग गेली! उचलला बोरसे काकूंनी. नवरा गेल्यापासून त्या रोज तो मोबाईल चार्ज करून देवघराशेजारी ठेवायच्या. का, ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं.

रुबीनाने फोन स्पीकरवर टाकला. काकू अहिराणीतच बोलतात. “आत्तेच काहीतरी वाजनं यान्हामा,” त्या म्हणाल्या. “यासले कोण मेसेज धाडी राहिनं वं?” यांना, म्हणजे सरांना, मेसेज कोण पाठवतंय, असं.

रुबीनाने सगळं खरं सांगितलं. खातं सरांचं आहे, मी वापरतेय, हे नियमात बसत नाही, प्रबंध द्यायचा आहे.  तिला वाटलं, आता काकू फोन ठेवतील.

“थांब,” काकू म्हणाल्या, “चष्मा लायस.”

आणि एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला. पुढे कोड आला की काकू स्वतःच फोन करायच्या. एकदा त्यांना उशीर झाला, तर रागावूनच बोलल्या, “मी स्वयपाक करी राहिंथू. तुना सरले सांग, जराखं थांबत जा म्हना!”

तो फोन ठेवल्यावर रुबीना हसली. मग वॉश बेसिनशी जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली.

*

मग कंपनीचा मेल आला. ज्या कंपनीचं हे बटन आहे, तिच्या मशीनला संशय आला होता. हा सभासद एकाच आठवड्यात जळगाव, पारोळा आणि धुळे अशा तीन ठिकाणांहून लॉगिन होतोय. खातं दुसऱ्या कोणाच्या हाती तर गेलेलं नाही ना? ग्रंथपालांनी खुलासा करावा, नाहीतर खातं गोठवण्यात येईल.

महाजन सरांनी मेल दोनदा वाचला. माझ्याकडे पाहिलं. वाचनकक्षाच्या काचेतून रुबीनाकडे पाहिलं. ती मान खाली घालून काहीतरी उतरवून घेत होती.

“बोरसे माझ्याबरोबर नोकरीला लागला,” महाजन सर म्हणाले. “साधं सहलीला यायला नाही म्हणायचा. गेल्यावर बघा कसा हिंडतोय!”

मग त्यांनी स्वतःच उत्तर टाईप केलं. एका बोटाने, हळूहळू. मला वाचून दाखवलं: ‘सदर प्राध्यापक सध्या बाहेरगावी आहेत.’

पाठवलं आणि उठून चहाला गेले. चहा मला विचारला नाही.

*

आता शेवटचा.

कंपनीला ते उत्तर इतकं पटलं, की वर्षाच्या शेवटी त्यांनी बक्षीसच जाहीर केलं! लायब्ररीच्या कार्यक्रमाला कंपनीचा प्रतिनिधी नाशिकहून आला. टाय, गुळगुळीत बूट, हातात काचेची ट्रॉफी. कोणाचं नाव आहे ते त्याने कोणालाच आधी सांगितलं नव्हतं. सरप्राइज म्हणे! फक्त कंपनीच्या पद्धतीप्रमाणे विजेत्याच्या घरच्या पत्त्यावर निमंत्रण गेलं होतं.

त्यामुळे बोरसे काकूंना पहिल्या रांगेत बसलेलं पाहून मला वाटलं, प्राचार्यांनी आठवणीने बोलावलं असेल. प्राचार्यांना वाटलं, महाजन सरांनी बोलावलं असेल. काकू इस्त्रीची साडी नेसून, मांडीवर पर्स ठेवून ताठ बसल्या होत्या. रुबीना शेवटच्या रांगेत. तिचे फक्त शेवटच्या प्रकरणाचे पेपर राहिले होते आणि मुदत संपत आली होती.

प्रतिनिधीने माईक हातात घेतला. “या वर्षी आपल्या नाशिक विभागात सर्वांत जास्त पेपर वाचणारे प्राध्यापक आहेत...” आणि त्याने नाव वाचलं.

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. भामरे सरांनी तर माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की बघा, मी म्हणत नव्हतो!

प्रतिनिधी हसतमुखाने सभागृहात शोधत होता. “सर आले नाहीत का? बिझी असतील!”

काकू उठल्या. सावकाश पायऱ्या चढल्या. ट्रॉफी घेतली, त्याला नमस्कार केला आणि खाली आल्या. मग कुठेतरी एक टाळी वाजली आणि नंतर सगळ्या वाजल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकवत नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर व्हरांड्यात चहा होता. प्राचार्य महाजन सरांना बाजूला घेऊन बोलत होते, पण रागात आवाज मोठा झाला होता. “माणूस जाऊन वर्ष झालं! कॉलेजची अब्रू जाईल. सही नाही, फॉर्म नाही, मला काही ऐकायचं नाही. मी सांगतो, ते खातं आज, आत्ता बंद करा!”

“हो सर,” महाजन सर म्हणाले.

रुबीना दहा पावलांवर चहाचा कप घेऊन उभी होती.  तिने तो कठड्यावर ठेवून दिला.

काकू पुढे आल्या. ट्रॉफी त्यांनी पोटाशी धरली होती.

“सर,” त्या प्राचार्यांना म्हणाल्या, “तुमना कॉम्प्युटरमा त्या आजून जित्ता शेतस ना?”

प्राचार्य गोंधळले. “अहो वहिनी, जिवंत दाखवतंय ती चूक झालीय. आम्ही लगेच...”

“मंग ऱ्हाऊ द्या ना थोडा दिन.”

प्राचार्यांनी महाजन सरांकडे पाहिलं. महाजन सर दालमिलच्या धुराड्याकडे बघत होते. शेवटी प्राचार्यांनीच आवाज खाली आणून विचारलं, “थोडे म्हणजे किती दिवस?”

काकू मागे वळल्या आणि सगळ्यांसमोर, घरातल्या घरात विचारावं तसं विचारलं,

“रुबीना, कितला दिन लागतीन वं तुले?”